आमची वाटचाल : अकरा गोण्या चोपचिनी

रविवार पेठेतलं आमचं काष्ठौषधींचं दुकान वडिलांनी १९६८ साली काढलं. हिरडा-बेहडा, शतावरी, अश्वगंधा सगळेच विकतात. आमचं नाव झालं ते चोपचिनी या औषधी मुळीमुळे.

फारसीत चोब म्हणजे लाकूड, म्हणून हे चीनचं लाकूड. चिनी लोक तिला थू-फू-लिंग म्हणतात. आपण मुळी म्हणतो, पण ते वेलीचं जमिनीखालचं खोड आहे. सोळाव्या शतकात तिकडे फिरंगरोग, म्हणजे सिफिलिस, बोकाळला आणि वैद्यांनी पाऱ्याचा मारा केला. त्या पाऱ्याने हाडं-सांधे धरलेल्यांना हीच मुळी उपयोगी पडली, असं त्या काळचे चिनी वैद्य ली शिझेन यांनी लिहून ठेवलंय. आपल्याकडे वैद्य भावमिश्रांनी त्याच शतकात तिला ‘द्वीपांतर वचा’ म्हणून आपल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात घेतलं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. वडील हे सगळं गिऱ्हाइकाला सांगत बसायचे, मागे रांग लागली तरी.

त्यांनी मला माल ओळखायला शिकवलं ते पितळी ताटलीवर. चोपचिनीची काचरी पाण्यात बुडवायची आणि दोन बोटांत चोळायची. खरी असेल तर बुळबुळीत लागते. मग ती उजेडापुढे धरायची, आत बारीक ठिपके दिसतात. रंग पांढुरका ते फिकट तांबूस, मोडली की पिठूळ. आपल्या सह्याद्रीतल्या घोटवेलीचा कंद याच कुळातला. तो कापून कोणी चोपचिनी म्हणून दिला, तर नवख्याला कळतसुद्धा नाही.

आम्हाला बुडवलं ते याच घोटवेलीने. २००५ साली एका मोठ्या फार्मसीची चारशे किलोची ऑर्डर हातात होती. माल मशीद बंदरच्या गोदामात उतरला आणि २६ जुलैचा पाऊस आला. अकरा गोण्या पाण्यात. चोपचिनीत पिठाचा अंश भरपूर, त्यामुळे चौथ्या दिवशी बुरशी आली. वाळवून, पॉलिश करून खपवता आली असती; तसा सल्ला देणारेही भेटले. मी सगळी फेकली आणि फार्मसीकडे तीन आठवडे मागितले. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या व्यापाऱ्याने निम्म्या भावात माल पोचवला. त्यातली एक काचरी मी स्वतः ताटलीत चोळली. घोटवेल! खरेदी अधिकाऱ्यांना दाखवली, तर म्हणाले, “तुम्ही आधी तुमचा भिजलेला माल सांभाळा.” वर बाजारात बोभाटा झाला की आम्हीच भेसळ करतो. मागचं बिलही फार्मसीने अडकवून ठेवलं. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या व्यापाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवाळीआधी वाईकडचे एक म्हातारे वैद्य एसटीने आले. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. जुनाट संधिवाताला आणि त्वचाविकाराला चोपचिनी द्यायचे. पिशवीतून रुमालात बांधलेले अठरा हजार काढून गल्ल्यावर ठेवले. “वर्षभराची चोपचिनी आत्ताच घेतली असं समज. आली की पाठव.” पावती मागितली नाही. त्या पैशांवर मी पुढच्या दोन गोण्या सोडवल्या. मग हळूहळू गाडी रुळावर आली.

आता मुलगी दुकान बघते, पूड करायचा पल्व्हरायझर घेतलाय, कुरियरने माल जातो. गिऱ्हाइकांना मात्र मी अजून स्वतः सांगतो. फिरंगरोग असेल तर डॉक्टरकडे जा, त्यावर पेनिसिलिन आहे, आमच्या पुड्या नेऊ नका. भावप्रकाशात चोपचिनीचं चूर्ण शाणभर (शाण हे जुनं वजन) मधातून सांगितलंय आणि मीठ सोडायला सांगितलंय. जमलंच नाही तर सैंधव. चिनी वैद्य तिच्याबरोबर चहा वर्ज्य करतात. मात्रा वैद्याला विचारूनच. आणि नुसती पूड विकत घेऊ नका, काचऱ्या घ्या, घरी भिजवून चोळून पाहा. पावसाळ्यात डब्याचं झाकण घट्ट लावा, भुंगा लागतो.

वैद्य गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांची नात वाईला दवाखाना चालवते. दर दिवाळीआधी तिचा फोन येतो आणि आमची पहिली गोणी फुटली की दहा किलो आधी तिच्या नावाने बाजूला निघते.