कोचचे पैसे बूस्टर देतात, मग तुझं काय जातं?

आमच्या ऑफिसातला एक मित्र अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा जबरी फॅन आहे, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आधी पेन स्टेट युनिव्हर्सिटीने आपला कोच जेम्स फ्रँकलिनला आणि मग दोनच आठवड्यांत एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कोच ब्रायन केलीला काढलं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत आमचं रोज हेच चालायचं. काँट्रॅक्ट संपायच्या आधी काढलं की कोचला भरपाई द्यावी लागते, तिला बायआउट म्हणतात. मी म्हणायचे, अरे काम न करण्याचे पाच-पाच कोटी डॉलर? त्याचं ठरलेलं उत्तर, अगं ते बूस्टर लोक, म्हणजे टीमला देणग्या देणारे श्रीमंत चाहते देतात, त्यांचा पैसा, तुझं काय जातं?

जातं ना. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीचंच बघा. २०१७ मध्ये त्यांनी कोच जिम्बो फिशरला १० वर्षांचं साडेसात कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट दिलं, तेही पूर्ण गॅरंटीचं. २०२० चा एक सीझन ९-१ (नऊ जिंकल्या, एक हरली) असा मस्त गेला, लगेच २०२१ मध्ये पगार वाढवून मुदत २०३१ पर्यंत नेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये टीम मिसिसिपी स्टेटला ५१-१० हरवून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी कोचला नारळ दिला. बायआउट सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर. आता यातले बूस्टरचे किती? पहिला मोठा हप्ता, १ कोटी ९० लाखांच्या आसपास, तो १२थ मॅन फाउंडेशनकडे, म्हणजे तिथल्या खेळांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेकडे, आलेल्या देणग्यांतून द्यायचं ठरलं. पुढचे दर वर्षाचे ७० लाखांवर डॉलर, थेट २०३१ पर्यंत, ते युनिव्हर्सिटीचे खेळ चालवणाऱ्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटने आपल्या बजेटमध्ये बसवायचे. म्हणजे काढायची घाई ज्यांना होती त्यांचा चेक पहिल्या दोन महिन्यांत संपला आणि बाकीची उधारी डिपार्टमेंटच्या गळ्यात. आणि त्या काँट्रॅक्टमध्ये ऑफसेटही नव्हतं, म्हणजे फिशरला दुसरीकडे नोकरी लागली तरी इथले पैसे एका डॉलरने कमी होणार नाहीत.

ऑफसेट हा शब्द लोक वाचतसुद्धा नाहीत, पण सगळी गंमत तिथेच आहे. फ्रँकलिनचा बायआउट जवळपास ४ कोटी ९० लाख होता. त्याला महिना-सव्वा महिन्यात व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीने घेतलं आणि पेन स्टेटचं देणं वाटाघाटी होऊन ९० लाखांवर आलं. चार कोटी वाचले, कशामुळे? सही करताना कुणीतरी तेवढं एक कलम घालून ठेवलं होतं म्हणून. मग सगळेच का घालत नाहीत? कारण सही व्हायची असते सीझन ऐन रंगात असताना, एजंट सांगतो दुसरं कॉलेज मागे लागलंय, आणि मोठे देणगीदार फोनवर म्हणत असतात की पैशाची काळजी करू नका, आम्ही आहोत. मिशिगन स्टेटने २०२१ मध्ये मेल टकरला दिलेलं साडेनऊ कोटींचं १० वर्षांचं काँट्रॅक्ट तर मॅट इश्बिया आणि आणखी एका उद्योजकाच्या पैशाच्या बळावरच झालं, तेव्हा टकरचा तिथला जेमतेम दुसरा सीझन चालू होता. (त्याला २०२३ मध्ये 'कॉज' लावून, म्हणजे गैरवर्तनाचं कारण दाखवून काढलं, म्हणून बायआउट द्यावा लागला नाही, नाहीतर तोही आकडा बघण्यासारखा झाला असता.)

हे काही आजचं नाही. २००३ मध्ये ऑबर्न युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर अलाबामाविरुद्धच्या मॅचच्या दोन दिवस आधी, बॉबी लोडर नावाच्या दबदबा असलेल्या ट्रस्टींकडच्या विमानाने, गुपचूप लुईव्हिलच्या कोचला भेटायला गेले होते. स्वतःचा कोच टॉमी ट्यूबरव्हिल तेव्हा खुर्चीवर होता, त्याला पत्ताच नाही. बातमी फुटली, प्रेसिडेंटना जावं लागलं, ट्यूबरव्हिल राहिला आणि पुढच्याच वर्षी टीम १३-०. म्हणजे ज्यांच्या शब्दावर विमान उडतं त्यांना फुटबॉल जास्त कळतो असंही नाही.

मला हे एवढं का लागतं ते सांगते. एमएस करताना मी एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॉलिंग सेंटरमध्ये संध्याकाळी काम करायचे, हेडसेट लावायचा आणि माजी विद्यार्थ्यांना देणगी मागायची. स्क्रीनवर एक यादी यायची, पैसे कशासाठी, लायब्ररी, स्कॉलरशिप, अ‍ॅथलेटिक्स वगैरे, त्यातलं एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढेच जायचा नाही. एकदा एक रिटायर्ड शिक्षिका २५ डॉलर देत होत्या, लायब्ररीला. त्याच आठवड्यात आमचा कोच काढला होता. त्यांनी कार्ड नंबरचे शेवटचे चार आकडे सांगायच्या आधी थांबून विचारलं, "बाळा, हे त्या माणसाला नाही ना जाणार?" मी म्हटलं नाही, हा वेगळा फंड आहे. ते खरंच होतं. पण त्याच सेमिस्टरला आमच्या डिपार्टमेंटच्या दोन टीए (टीचिंग असिस्टंट) जागा बजेट नाही म्हणून गेल्या आणि तिथे कुठलाच बूस्टर धावून आला नाही, त्यामुळे 'वेगळा फंड' म्हणताना माझाच आवाज खाली गेला होता.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, अगं पण लोक फुटबॉलला देतात ते लायब्ररीला थोडीच देणार होते. असेल. पण २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंनाही थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी डॉलरपर्यंत, आणि ते याच डिपार्टमेंटच्या बजेटमधून. फिशरचा वर्षाचा हप्ता जातो तोही तिथूनच. मी त्याला म्हटलं, ज्यांना कोच काढायचाय त्यांनी शेवटच्या हप्त्यापर्यंतचे पैसे आधी लेखी द्यावेत आणि मग खुशाल काढावा. त्यावर तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, असं लिहून कोण देईल.