मानेतले बोल्ट

काल रात्री एकदाचं फ्रँकेन्स्टाईन संपवलं. म्हणजे मेरी शेलीचं पुस्तक. सिनेमे तर इतक्यांदा बघितलेत, पण पुस्तकाचं नाव निघालं की "वाचलंय गं मी ते" म्हणून वेळ मारून न्यायची सवय लागलेली, आणि लहानपणी एक संक्षिप्त आवृत्ती वाचलेली, तिलाच मी वाचलं धरत होते. लाज वाटण्याचं कारण असं की "आधी पुस्तक, मग सिनेमा" हे प्रवचन घरात मीच देते.

पकडलं भाचीने. सतरा वर्षांची आहे, फॅनफिक्शन लिहिते (दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं घेऊन आपली गोष्ट), भयंकर चौकस. आम्ही दोघींनी दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोचा २०२५ चा फ्रँकेन्स्टाईन सिनेमा बघितला आणि संपल्यावर तिने विचारलं, "मावशी, पुस्तकातही तो राक्षस असाच बोलतो का गं?" मी एकदम ठामपणे, "छे, पुस्तकात कुठे एवढा बोलतो!" दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन समोर उभी. चांगली सहा प्रकरणं तो एकटा बोलतोय. काय बोलणार मी, घेतलं आणि वाचायला बसले.

रचना डब्यात डबा. बर्फात अडकलेल्या जहाजावरचा एक जण बहिणीला पत्रं लिहितोय, त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन या शास्त्रज्ञाची गोष्ट, आणि तिच्या पोटात त्याने बनवलेल्या जिवाची. त्या सगळ्यात आतल्या डब्यावर माझा जीव जडला. एका कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, फटीतून त्यांच्याकडे बघत बसतो, त्यांच्याकडे आलेल्या परक्या मुलीला ते भाषा शिकवतात तर हा भिंतीआडून तिच्याबरोबरीने शिकून घेतो. मग जंगलात त्याला बेवारस पिशवी सापडते आणि तिच्यात पुस्तकं, मिल्टनचं पॅराडाईज लॉस्ट, प्लुटार्कची चरित्रं आणि गटेचा वेर्थर. मिल्टनचं काव्य तो खरा घडलेला इतिहास समजून वाचतो, आधी त्याला वाटतं आपण आदम, मग म्हणतो नाही, आपण सैतानच जास्त शोभतो. इथे मला हसूच आलं कारण ही तर फॅनची लक्षणं, पुस्तक वाचून आपण यातलं कोण हे ठरवत बसायचं आणि रात्र रात्र त्यात जळायचं. साहित्यातला हा सगळ्यात एकटा फॅन असेल. बोलायला दुसरा फॅन नाही.

आणि हाच जीव माझ्या डोक्यात इतकी वर्षं मुका होता! कारण उघड आहे, १९३१ चा जेम्स व्हेलचा सिनेमा, त्यातला बोरिस कार्लॉफ, चपटं डोकं, मानेत ते बोल्ट, आणि तोंडातून नुसतं गुरगुरणं. पुस्तकात बोल्ट नाहीत. पिवळट कातडी, लांब काळे केस, पांढरेशुभ्र दात, काळे ओठ, उंची आठ फूट. विजांचा कडकडाट आणि ती उंच प्रयोगशाळा पण नाही. नोव्हेंबरातली रात्र, काचेवर पाऊस, मेणबत्ती विझत आलेली, आणि तो डोळा उघडतो, बस. कसा बनवला हे व्हिक्टर सांगतच नाही. कुबडा मदतनीसही नाही, आणि गंमत म्हणजे ज्याला आपण सगळे इगॉर म्हणतो तो १९३१ मध्येही नाही, तिथल्या मदतनीसाचं नाव फ्रिट्झ, इगॉर उगवतो १९३९ च्या सिनेमात आणि तेव्हाही तो मदतनीस नसतोच. म्हणजे मी ज्याला "मूळ" म्हणून भांडत होते ते तीन-चार ठिकाणचं गोळा झालेलं कडबोळं होतं. शेरलॉक होम्सच्या टोपीचं तसंच की. ती डीअरस्टॉकर टोपी त्याच्या डोक्यावर कायमची बसवली ती चित्रकाराने.

मग वाचता वाचता आणखी मागे गेले आणि खरा धक्का तिथे बसला. बोलतं भूत मुकं केलं ते सिनेमाने नव्हेच. कादंबरी आली १८१८ मध्ये, लेखिकेच्या नावाशिवाय, मेरी शेली तेव्हा वीस वर्षांची. १८२३ मध्ये लंडनला त्या कादंबरीवर नाटक आलं, त्यातच त्याला मुकं करून टाकलं आणि फ्रिट्झ नावाचा नोकरही त्यातच घुसवला. पाच वर्षांत! आणि मेरी शेली ते बघायला स्वतः गेली. मला वाटलं आता ही चिडणार, निदान एखादं खरमरीत पत्र तरी. तर नाही, बाईंना मजा आली. पात्रांच्या यादीत त्या जिवाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती, ते तर तिला फारच आवडलं. नाटक गाजलं म्हणून त्याच वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आणि इंग्रजी आवृत्तीवर तिचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं. म्हणजे ज्या नाटकाने तिच्या जिवाची वाचा घेतली त्याच्या पुण्याईने तिला नाव मिळालं. याचं काय करायचं मला कळेना, मी रागवायच्या तयारीने बसले होते ना.

देल तोरोवर मात्र अजून थोडा राग आहे (ज्यांनी बघितला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडा). जहाज ठेवलं, बोलणं ठेवलं, यासाठी शंभर गुन्हे माफ. पुस्तकात व्हिक्टरशीच लग्न ठरलेली एलिझाबेथ इथे त्याच्या भावाची वाग्दत्त वधू केली, तेही चालेल. पण शेवटी व्हिक्टरला क्षमा? पुस्तकात व्हिक्टर कुणाची क्षमा न मागता मरतो आणि तो जीव स्वतःला जाळून घेणार म्हणून बर्फावरून अंधारात निघून जातो, ते खरंच जाळून घेतो का हेही कळत नाही. वाचून मी लाईट बंद न करता झोपले. सिनेमात मी रडले, हे मान्य. पण रडून मोकळं व्हायला होतं, आणि पुस्तक मोकळं करत नाही. हे भाचीला सांगितलं तर म्हणाली, "पण त्याला एकदा तरी कुणीतरी जवळ घ्यायला नको का?" यावर मला काही बोलता आलं नाही.

आज संध्याकाळी तिने स्वतःचं लिहिलेलं वाचायला दिलं. त्या जिवाचीच गोष्ट, जाळून न घेता पुढे चालत राहिलेल्याची. तिने त्याला नाव दिलंय. मी लगेच सरसावले, अगं त्याला नाव नसणं हाच तर मुद्दा आहे, आणि मग नाव वाचलं. नोव्हेंबर. तो त्या रात्री डोळे उघडतो ना, म्हणून. गप्प बसले. पुढचा भाग कधी म्हणून विचारलं. फक्त एक, मानेतले बोल्ट तिने तसेच ठेवलेत. म्हटलं काढ, पुस्तकात नाहीत. तर म्हणे, "राहू दे गं मावशी, छान दिसतात."