टोकियोची बैठक, नववी ‘ब’

युद्ध पेटतं कसं, हे आमच्या पुस्तकात पानभर होतं. थांबवतात कसं, यावर जेमतेम एक ओळ. अणुबॉम्ब पडले, जपान शरण आला. इतिहासाच्या सरांना ती ओळ कधीच पटली नाही. त्यांनी सहा जणांना पुढच्या बाकांवर बसवलं आणि ९ ऑगस्ट १९४५ची जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक वर्गातच भरवली. नियम एकच: त्या माणसाला त्या दिवशी जे ठाऊक होतं, तेवढ्यावरच बोलायचं.

माझ्या वाट्याला युद्धमंत्री अनामी आले. सम्राटाचं स्थान अबाधित राहावं, हे सहाही जणांना हवं होतं. शरण जायचं तर अनामी, लष्करप्रमुख उमेझू आणि नौदलप्रमुख तोयोदा यांच्या आणखी तीन अटी होत्या: निःशस्त्रीकरण आम्हीच करू, युद्धगुन्ह्यांचे खटले आम्हीच चालवू, देशात परकी फौज नको. शत्रू किनाऱ्यावर उतरू दे, त्याची एवढी हानी करू की तोच तडजोडीला येईल, असं मी तावातावानं मांडलं. वर्गात देवळालीच्या तोफखान्यात वडील असलेली मुलं होती. त्यांच्यासमोर ‘अजून लढू’ म्हणताना जीभ जड झाली. परराष्ट्रमंत्री तोगो झालेली मैत्रीण म्हणाली, “मध्यस्थी करणार कोण? रशियाकडूनच आशा होती ना? त्यांचं सैन्य आज मांचुरियात घुसलंय.” मला उत्तर सुचेना. तेवढ्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: नागासाकी. खऱ्या बैठकीतही ती बातमी अशीच मध्येच येऊन धडकली होती. तरीही मतं तीन विरुद्ध तीनच राहिली! अखेर त्या रात्री सम्राटालाच कौल द्यावा लागला.

पुढच्या तासाला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांची बाजू. नोव्हेंबरात जपानच्या क्युशू बेटावर सैन्य उतरवायचं, नाकेबंदी आवळायची, रशिया युद्धात उतरण्याची वाट पाहायची, बॉम्ब टाकायचा, की सम्राटाला अभय द्यायचं? जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईत १२,०००हून अधिक अमेरिकन नुकतेच मेले होते. अभयाचं कलम अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांच्या मसुद्यात होतं. जपानला शरण येण्याचा इशारा देणाऱ्या २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यातून ते गळलं. मला आजही तीच जागा सर्वांत जास्त डाचते, कारण पुढे सम्राट गादीवर राहिलाच.

सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेला माझी कळकळीची विनंती आहे. इतिहासाचे तास सराव परीक्षांना देऊ नका. नववीच्या मुलांना एकदा तरी त्या बाकांवर बसवा. लागतील ती कागदपत्रं मराठीत उतरवून द्यायला मी तयार आहे, आणि शनिवारी नाशिकरोडला येऊन मुलांसोबत बसायलाही.