'द राइट प्रोफाइल': मॉन्टगोमेरी क्लिफ्टवरचं गाणं कसं वाचावं

खऱ्या माणसावरचं गाणं म्हटलं की आपले कान पोवाड्याची वाट बघतात. जन्म, पराक्रम, शेवट असा क्रम असेल आणि सांगणारा शाहीर एकच असेल, असं आपण धरून चालतो. द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचं 'द राइट प्रोफाइल' त्या अपेक्षेने ऐकलं तर हाती फारसं काही लागत नाही. गाणं हॉलिवूडचा नट मॉन्टगोमेरी क्लिफ्ट याच्यावर आहे. पण खरं तर ते त्याच्याकडे बघणाऱ्या गर्दीचं गाणं आहे, आणि हे ध्यानात आलं की एकेक ओळ उलगडायला लागते.

आधी तारखा हाताशी हव्यात. क्लिफ्टचा जन्म १९२० चा, मृत्यू जुलै १९६६ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी. १२ मे १९५६ च्या रात्री अभिनेत्री एलिझाबेथ टेलरच्या घरून जेवून निघाल्यावर डोंगरातल्या वळणाच्या रस्त्यावर त्याची गाडी खांबावर आदळली. जबडा आणि नाक मोडलं, चेहरा फाटला. घशात अडकलेला दात टेलरने स्वतः बोटांनी काढला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे चेहऱ्याच्या डाव्या बाजूची हालचाल पूर्ववत झाली नाही, आणि गाण्याला नाव मिळालं ते यावरून: कॅमेऱ्याने टिपायची ती उजवी बाजू. गाणं आलं डिसेंबर १९७९ मध्ये, 'लंडन कॉलिंग' या दोन तबकड्यांच्या अल्बमवर, दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं म्हणून. म्हणजे नट जाऊन तेरा वर्षं झालेली.

आता शब्द कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'कोण बोलतंय' ते लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं की अर्थ हमखास चुकतो. सुरुवातीला बोलतो तो कुणीतरी अनोळखी प्रेक्षक: याला कुठं पाहिलंय बरं? मग तो चार सिनेमांची नावं घेतो, 'रेड रिव्हर', 'अ प्लेस इन द सन', 'द मिसफिट्स' आणि 'फ्रॉम हिअर टु इटर्निटी'. या नावांपुढे प्रदर्शनाची सालं मांडा: १९४८, १९५१, १९६१, १९५३. तिसरं नाव रांग मोडतं. 'द मिसफिट्स' हा चारांतला एकमेव सिनेमा अपघातानंतरचा आहे, आणि तो आधीच्या तिघांमध्ये बेमालूम मिसळून दिलाय. बघणाऱ्याला अपघाताच्या आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा यांतला फरकच आठवत नाही. ज्या फरकापायी त्या माणसाचं आयुष्य उलटंपालटं झालं, तो त्याच्या चाहत्याच्या खिजगणतीत नाही. बँडचा गायक आणि गीतकार जो स्ट्रमर याने हे ठरवून केलं की यमक आणि ठेका जुळवताना झालं, हा प्रश्न मला गौण वाटतो. ओळीत ते आहे, एवढं पुरेसं आहे.

पुढे धृपद सगळ्यांच्या तोंडचं आहे. बरा आहे ना तो? कसा आहे स्वभावाने? विचित्रच दिसतोय की! आणि मग कुणीतरी लाडात येऊन नाव सांगतं. इथं पुष्कळ ऐकणारे घसरतात, कारण आवाज स्ट्रमरचाच असल्यामुळे ही चेष्टा त्याची वाटते. ती रस्त्यावरच्या माणसांची आहे. काळजी आणि कुतूहल एकाच दमात येतात, आणि कुतूहल काळजीला कधी गिळून टाकतं ते कळतही नाही. धृपद दरवेळी फिरून येतं तेव्हा मधल्या कडव्याने परिस्थिती आणखी बिघडवलेली असते. प्रश्न मात्र तेच राहतात.

घटनांचा क्रमही तपासा. न्यूयॉर्कमधला बेचाळिसावा रस्ता, पहाटेची वेळ, पायात बूट नाहीत, कपडे फाटलेले, हे दृश्य आधी येतं. गाडीचा अपघात त्यानंतर. म्हणजे आधी परिणाम आणि मग कारण. अफवा अशीच पसरते: लोकांना आधी अवस्था दिसते, मागची गोष्ट नंतर कळते. त्या पहाटेच्या दृश्याला नोंदलेली घटना समजून तारीख शोधत बसू नये. चरित्रातली माहिती, त्या रस्त्याची तेव्हाची बदनामी आणि लिहिणाऱ्याची कल्पना यांचं ते मिश्रण आहे, असंच धरून वाचावं.

यानंतर नेम्ब्युटालचं नाव येतं. हे पेंटोबार्बिटालचं, बार्बिट्युरेट गटातलं झोपेचं औषध. त्या काळी अमेरिकेत सर्रास लिहून दिलं जायचं. दारू आणि हे औषध दोन्ही श्वसन मंदावतात, म्हणून एकत्र घेणं जिवावरचं. गाण्यातला माणूस म्हणतो की गोळीने सगळं बधिर होतं, तरी मला दारूच बरी. इथं पहिल्यांदा त्याचा स्वतःचा 'मी' येतो. त्याच्या आसपासच तो कुणाला तरी आपल्या जुन्या सिनेमांची छायाचित्रं आणायला पाठवतो, आणि त्याच दमात गोळ्याही मागवतो. दोन्ही मागण्या एकाच वाक्यरचनेत आहेत. स्वतःचा जुना चेहरा हेही त्याच्यासाठी औषधच झालंय. संपूर्ण गाण्यात मला ही जागा सर्वांत ताकदीची वाटते.

हा 'मी' क्लिफ्टचा, हे उघड आहे. पण त्यामागे आणखी एक माणूस उभा आहे. अल्बमचा निर्माता गाय स्टीव्हन्स याने क्लिफ्टचं चरित्र स्ट्रमरच्या हाती दिलं आणि त्यातून हे गाणं निघालं. पॅट्रिशिया बॉसवर्थने लिहिलेलं चरित्र १९७८ मध्ये आलेलं होतं. स्टीव्हन्स स्वतः दारूच्या विळख्यात होता. उत्तर लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना त्याने खुर्च्या फेकल्या, शिडी फिरवली, हे बँडच्या लोकांनीच सांगितलंय. त्यामुळे दारूची ती ओळ ऐकताना तो आठवतोच. मात्र इथं एक पथ्य पाळायला हवं. स्टीव्हन्स ऑगस्ट १९८१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, दारू सोडवण्यासाठी दिलेल्या औषधाचा अतिरेक होऊन गेला. तो मृत्यू १९७९ च्या गाण्यात वाचायचा नाही. लिहिताना कुणालाही तो ठाऊक नव्हता. नंतरचं दुःख मागच्या ओळींवर चढवणं ही अशा गाण्यांच्या वाचनातली सर्वांत मोठी चूक आहे.

चाल उड्या मारणारी आहे, वर ब्रासचे पितळी सूर. पुष्कळांना ते शब्दांशी विसंगत वाटतं. पण बोलणारी गर्दी असेल तर संगीतही गर्दीचंच हवं, आणि म्हणून ते इथं शोभतं. शेवटाकडे स्ट्रमरचे शब्द विरघळून नुसती घुसमटलेली गुरगुर उरते. तिच्यात शब्द शोधू नका. जबडा मोडलेल्या, गोळ्या घेतलेल्या माणसाच्या तोंडून जे निघेल ते त्याने आवाजातच दाखवलंय.

गाणं एका बाबतीत मात्र सोपं करून सांगतं. अपघात, वेदना, गोळ्या, ऱ्हास अशी सरळ साखळी ते मांडतं. क्लिफ्टचं पिणं आणि गोळ्या अपघाताच्या आधीपासूनच्या होत्या, अपघाताने ते वाढलं. त्याची समलैंगिकता आणि ती लपवून ठेवायला लावणारा स्टुडिओंचा काळ यांचा तर गाण्यात मागमूसही नाही. आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं १९९२ मधलं 'मॉन्टी गॉट अ रॉ डील' याच नटावर आहे. ते सिनेमांची यादी टाळतं आणि पूर्ण वेगळ्या वाटेने जातं. दोन्ही पाठोपाठ ऐकली की एकाच आयुष्यातून कुणी काय उचललं ते दिसतं.

गाणं ऐकून झाल्यावर दोन सिनेमे बघावेत. पहिला 'रेनट्री काउंटी', १९५७ चा. त्याच्या चित्रीकरणाच्या मध्यावर अपघात झाला, त्यामुळे त्यात दोन्ही चेहरे आहेत, आणि चित्रीकरणाचा क्रम कथेच्या क्रमाशी जुळत नसल्याने ते आलटून पालटून समोर येतात. तेव्हाचे प्रेक्षक तोच फरक हुडकायला जात, म्हणजे धृपदातली गर्दी तिकीट काढून आत बसलेली होती. दुसरा 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग', १९६१ चा, ज्याचं नाव गाण्याच्या यादीत नाही. त्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात क्लिफ्ट काही मिनिटंच दिसतो. मानधन त्याने घेतलं नव्हतं, आणि सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं. तिथं कॅमेरा त्याच्याकडे थेट समोरूनही बघतो, डावी बाजू न लपवता.