पहिले डीन

इस्पितळात माणूस वैतागला की त्याचं शेवटचं अस्त्र ठरलेलं असतं: "थांबा, आता डीनलाच भेटतो!" कारण काहीही असो, खाट मिळाली नाही, एक्स-रेला उशीर झाला, वॉर्डबॉय खेकसला. प्रत्यक्ष डीनना भेटून आलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. ते वर कुठेतरी बसलेत, एवढ्या धाकावर अर्धं इस्पितळ चालतं.

परळच्या केईएमचंच बघा. इस्पितळाला राजा एडवर्डचं नाव, आवारातल्या कॉलेजला शेठ गोरधनदास सुंदरदासांचं. केसपेपर काढणाराही ही नावं नकळत घेतो. पहिल्या डीनचं, डॉ. जीवराज मेहतांचं नाव मात्र सहसा कुणाच्या तोंडी येत नाही.

हे अमरेलीचे, जन्म 1887 चा. ग्रँट मेडिकलमध्ये शिकले, मग लंडनला एम.डी. झाले. पुढे गांधीजींना तपासणाऱ्या डॉक्टरांत त्यांचं नाव होतं. मुंबईत नुसता दवाखाना थाटला असता तरी पैसा पायाशी लोळला असता.

पण शेठजींच्या विश्वस्तांनी देणगी देताना एक अट घातली होती: शिकवणारे सगळे हिंदी, म्हणजे भारतीय हवेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत. सरकारी मेडिकल कॉलेजांत तेव्हा आयएमएसच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, गोऱ्या अधिकाऱ्यांचा वरचष्मा. कॉलेज 1925 ला सुरू झालं, इस्पितळ 1926 ला. अट घालणं सोपं हो, ती निभावायची कुणी? पहिल्या तुकड्या घसरल्या असत्या तर "आम्ही सांगत होतोच" म्हणायला माणसं टपलेलीच असणार. ते सगळं डीनच्या डोक्यावर, थेट 1942 पर्यंत. आज केईएममध्ये भारतीय प्राध्यापक शिकवतात हे कुणी सांगायला गेलं तर लोक त्यालाच तपासून घ्या म्हणतील. जीवराजभाईंचं काम इतकं पक्कं झालं की ते दिसतच नाही.

गंमत पुढेच आहे. 1 मे 1960 ला मुंबई महाराष्ट्राची झाली आणि मुंबईत आयुष्याची उमेदीची वर्षं घालवलेले हे गृहस्थ त्याच दिवशी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले! वॉर्ड, नर्सेस, विद्यार्थी आणि महापालिका एकदम सांभाळलेल्या माणसाला मंत्रिमंडळ फारसं जड गेलं नसावं, असा आपला माझा अंदाज. पत्नी हंसाबेन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. नवरा माजी डीन, बायको कुलगुरू. त्या घरात रजेचा अर्ज कुणी कुणाकडे करायचा, देव जाणे.