आमची वाटचाल: शेततळ्याच्या कागदापासून कागदाखालच्या पाण्यापर्यंत

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि सोलापूर, नगर, नाशिक पट्ट्यात खोदाईला ऊत आला. अनुदान खोदाईला होतं, ५० हजार रुपयांपर्यंत. कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायचं जाड प्लास्टिक, शेतकऱ्यानं पदरमोड करून टाकायचा. आमच्या फर्मचा धंदा उभा राहिला तो या कागदावर. ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद मापानं कापायचा, शेतावर अंथरायचा, जोड मारायचे. ३० × ३० × ३ मीटरचं तळं, बाजूंचा उतार १:१, म्हणजे तळ २४ × २४. त्यात २,१९६ घनमीटर पाणी बसतं, जवळपास बावीस लाख लिटर. काठावरची पट्टी आणि चरात दाबायचा भाग धरून ३६.५ मीटर चौरस कागद लागतो, १,३३२ चौरस मीटर, वजन सव्वासहाशे किलोच्या घरात.

हे गणित आजही तेच आहे, काम मात्र बदललं. नव्या तळ्यांपेक्षा पुरानं बिघडलेल्या तळ्यांची दुरुस्ती आता आमच्याकडे जास्त असते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, परांडा भागात बांध, गाळ, कागद, मोटर असं सगळंच एकदम बिघडलं होतं. अशा वेळी कागद हा शेवटचा प्रश्न असतो.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "आत गाळ भरलाय, मोटर लावून तळं उपसून घेऊ का?" उत्तरही ठरलेलं: हात लावू नका. आतून पाण्याचं वजन आहे तोवर कागद जागचा हलत नाही. पूर ओसरल्यावर भोवतीची जमीन पाण्यानं तुडुंब असते आणि ते पाणी मुरमातून झिरपत तळ्याच्या बुडाखाली येऊन थांबतं. आतली पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा एक मीटर खाली गेली की बुडाशी दर चौरस मीटरला खालून एक टनाचा दाब बसतो. कागदाचं वजन तेवढ्याच जागेत अर्धा किलोसुद्धा नसतं. मग तो फुगून वर येतो, जोड उसवतात, चरातून कड निघते, आणि पुरात वाचलेलं तळं उपशानं फाटतं.

म्हणून आम्ही आधी बांधाबाहेर, पायथ्यापासून दोन-तीन मीटरवर, तळ्याच्या बुडापेक्षा थोडं खोल भोक पाडतो. त्यात छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करून रोज पातळी लिहितो. जवळ विहीर असेल तर ती आधी उपसायची. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा कायम निदान अर्धा फूट वर ठेवायचं आणि बाहेरचं उतरेल तसंच आतलं उतरवायचं. काळ्या जमिनीत याला दिवाळी उलटून जाते. डाळिंबाच्या बागेला पाणी हवं असलेल्या माणसाला हे पटवणं वेल्डिंगपेक्षा अवघड आहे, पण त्यात आम्ही तडजोड करत नाही. कागद आधीच फुगला असेल तर तळाशी चिरू नये. आत पुन्हा स्वच्छ पाणी सोडून तो बसवावा. तेवढ्यानं बसला नाही तर पाण्याच्या वर आलेल्या फुगवट्याच्या माथ्यावर छोटी चीर देऊन, आत पाइप घालून खालचं पाणी ओढावं. फुगवटा दर वेळी पाण्याचाच नसतो, वायूचाही असतो. कागदाखाली मुळं किंवा शेण राहिलं की ते कुजून वायू धरतो.

गाळाचं ओझं लोकांच्या लक्षात येत नाही. तळावर ३० सेंटिमीटर गाळ म्हणजे १७३ घनमीटर, ओला धरला तर तीनशे टनांच्या आसपास. जेसीबी आत उतरवायचा नाही, बकेटचे दात एका फेरीत कागदाचा निकाल लावतात. बाहेरची पातळी बुडाच्या खाली गेल्याची खात्री झाली की फूटभर पाणी ठेवून त्याच्या फवाऱ्यानं गाळ ढवळायचा आणि मड पंपानं काढायचा. उरलेला रबराची कड लावलेल्या फावड्यांनी ओढायचा. माणसं अनवाणी किंवा मऊ तळव्याच्या बुटांत. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडल्याशिवाय कोणालाही उतरू देत नाही. ओल्या कागदावर पाय टिकत नाही, आणि शेततळ्यात बुडून माणसं जातात.

बांध फुटलेला असेल तर भगदाडात माती ढकलून ते बुजत नाही. बहुतेक वेळा फुटण्याची सुरुवात पाइपाच्या कडेनं किंवा उंदीर-खेकड्यांच्या बिळातून झालेली असते, त्यामुळे पोकळी दिसते त्याहून आत गेलेली असते. दोन्ही तोंडं घट्ट मातीपर्यंत तासून, १:१ पेक्षा उभी न ठेवता, पायऱ्या काढायच्या. मग १५ ते २० सेंटिमीटरचे थर घालून प्रत्येक थर रोलरनं दाबायचा. मातीची ओल मुठीत कळते: गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. निव्वळ काळी माती भरली तर उन्हाळ्यात भेगा पडणारच. ती मुरमात मिसळून घ्यावी. नाल्याकडच्या पायथ्याला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर हवं, आणि पिचिंगखाली खडी-वाळूचा थर हवाच. नाहीतर दगडांमागची माती धुऊन जाते आणि दगड खाली बसतात.

कागद ठिगळाला लायक आहे का, हे आम्ही तो दुमडून पाहतो. घडीवर पांढरी रेघ येऊन तडा गेला तर पैसे वाया घालवू नका, नवा टाका. लायक असेल तर धुऊन, पूर्ण सुकवून, वरचा उन्हानं मेलेला थर पॉलिश पेपरनं घासून काढायचा. तो राहिला तर वेल्डिंग पकडल्यासारखं दिसतं आणि महिन्यात सुटतं. ठिगळाचे कोपरे गोल, भोकाच्या बाहेर चारी बाजूंनी १५ सेंटिमीटर. एचडीपीईला कोणतंही सोल्युशन धरत नाही. दुकानात काहीही सांगोत. हॉट एअर गन, चपटं नोझल आणि सिलिकॉनचा रोलर एवढंच साहित्य. लांब जोडांना दुहेरी पट्टी मारणारं वेज मशीन. दोन पट्ट्यांमधल्या नळीत हवा भरून पाच मिनिटं दाबाचा काटा उतरत नाही ना, ते पाहायचं. गनचं तापमान कागदावर छापलेलं नसतं, वाऱ्यागणिक बदलतं. म्हणून सकाळी आणि दुपारी तुकड्यावर जोड मारून ओढून बघतो. कागद फाटावा, जोड सुटू नये.

दुपारच्या उन्हात कागद ताणून बसवणारे कारागीर आम्ही घेत नाही. तापमान ३० अंशांनी उतरलं तर ३६ मीटरचा कागद वीसेक सेंटिमीटर आखडतो आणि उताराच्या पायथ्याशी अधांतरी ताणला जातो. पाण्याचं वजन आलं की तिथेच फाटतो. सैल सोडायचा, चर सकाळी बुजवायचा. कागदाखाली टोकदार दगड वेचून दहा सेंटिमीटर चाळलेली माती. जिथे बुडाखाली पाणी येतंच, तिथे खडीत छिद्रांचा पाइप, त्याला जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळून, बाहेरच्या खड्ड्यापर्यंत. हा खर्च सुरुवातीला कोणालाच नको असतो.

सांडव्याचंही तसंच. वरच्या बाजूला ५ हेक्टरचं पाणी उतरत असेल, पाऊस तासाला ६० मिलिमीटर आणि निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं, तर सेकंदाला सुमारे ४१७ लिटर येतात. ते ३० सेंटिमीटरच्या धारेनं काढायला दीड मीटर रुंद सांडवा पुरतो. शिवाय बांधाचा माथा पाण्यापेक्षा अर्धा मीटर उंच. वरच्या अंगाचं पाणी तळ्यात येऊ न देता चर काढून वळवलं तर आणखी बरं.

मोटर आणि स्टार्टर सुकवून, मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) तपासून, एक मेगाओमच्या वर दाखवल्याशिवाय चालू करायचे नाहीत.

भरताना एक मीटरवर थांबतो. तळ्यातच ठेवून दगडानं स्थिर केलेल्या, पाण्यानं भरलेल्या टबाची पातळी आणि तळ्याची पातळी एकाच वेळी मोजतो. हिवाळ्यात बाष्पीभवनानं दोन्ही दिवसाला चार-पाच मिलिमीटर उतरतात. तळं टबापेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे, आणि पूर्ण भरलेल्या तळ्यात पाच मिलिमीटर म्हणजे रोजचे साडेचार हजार लिटर. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या की उरलेला चर बुजवतो, तळं भरून घेतो आणि शेवटचं बिल त्यानंतरच देतो.