डोळे लावलेला फोटो

बुधवार, रात्री

स्टँडवर मंडळाने आबांचा बॅनर लावलाय. वर्षश्राद्ध रविवारी. हार, तिरंगा, कोपऱ्यात एक रणगाडा (आबा पायदळातले, पण असो) आणि मधोमध आबा. काळा चष्मा गायब. चष्म्याच्या जागी डोळे.

चांगले डोळे आहेत. टपोरे, जरा ओलसर. छपाईवाल्या पोराला विचारलं तर म्हणतो, "ताई, चष्म्याने फोटोला उठाव येत नव्हता. एआयने करून घेतले. त्याचे पैसे नाही लावले." मनाने चांगला आहे तो. मी काहीच बोलले नाही, रिक्षात बसून घरी आले. तेव्हापासून कशात लक्ष नाही.

चीड आलीय म्हणावं तर तशी चीडही नाही. तिथे उभी राहून त्या डोळ्यांकडे मी बराच वेळ बघत होते.

आबांना डोळे नव्हते ही गोष्ट लपवण्यासारखी कधीच नव्हती. पहिली मराठा, जंगी पलटण. १९७१ च्या बांगलादेश युद्धातली जमालपूरची लढाई ते रंगवून सांगत. शरण या म्हणून आपल्याकडून चिठ्ठी गेली आणि पाकिस्तानी कर्नलने उत्तर धाडलं ते बंदुकीच्या गोळीला गुंडाळून. ११ डिसेंबरला सकाळी त्याचीच माणसं शरण आली, इथे आबा मांडीवर थाप मारत. सुरुंगाचं मात्र एका वाक्यात. "मगे सुरुंग फुटलो." की लगेच चहा मागवायचे. मग देहरादून. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या जवानांसाठी १९४३ साली तिथे वसतिगृह निघालं होतं, त्याचंच पुढे केंद्र झालं. ब्रेल तिथे शिकले आणि वेताच्या खुर्च्या विणणंही. आमच्या लोट्यावरच्या, म्हणजे ओसरीवरच्या, खुर्चीची बैठक त्यांच्या हातची आहे, अजून सैल पडलेली नाही. काकीचं लग्न ह्या सगळ्यानंतरचं. तिच्या माहेरी तेव्हा काय काय बोलणी झाली ते तिने मला सांगितलंय, पण ते नको.

काकीचा उजवा हात गेल्यावर आबांनी जे केलं ते मी रोज पाहिलंय. सकाळी खोबरेल लावून तिची वेणी घालत. भांग वाकडा गेला की ती ओरडायची, ते परत विंचरत. आणि पेडवे! पेडव्यांत मासा कमी, काटाच जास्त. ताट मांडीवर घेऊन आबा बोटांनी एकेक काटा चाचपून बाजूला काढत, मग घास तिच्या तोंडात. स्वतःची पेज गार व्हायची. वाडीतल्या डोळस नवऱ्यांबद्दल काही लिहीत नाही.

पण मला सलतंय ते हे नाही.

आबांसमोर मला चेहरा नीट करून बसावं लागत नसे. मुंबईहून आले त्या मे महिन्यात ज्याच्या त्याच्या नजरेत प्रश्न. गळ्याकडे बघायचे, बॅगा मोजायचे. आबांच्या शेजारी पायरीवर बसलं की काहीच नाही. लोक आता भाषणात म्हणणार, आबांना न बघता सगळं कळायचं. काही कळत नसे! चपलांच्या आवाजावरून मला ते कितीदा पोस्टमन समजलेत. मी रडत रडत "बरी आहे" म्हणायचे आणि ते "बरा तर" म्हणून सुपारी कातरत राहायचे. खरंच कळत नसे की कळून गप्प बसत, कोण जाणे. मला तेवढंच हवं होतं. एवढ्या गावात माझ्याकडे न बघणारा एक माणूस होता, तो गेला. आता त्यालाही बघायला लावलंय. तेही स्टँडवर, जिथे मला रोज जावं लागतं.

हे लिहिलेलं आत्ता वाचलं. वर्षश्राद्ध त्यांचं आणि गाऱ्हाणं माझं. आबा असते तर हसले असते. गेल्या खेपेच्या हयातीच्या दाखल्याला हसले होते तसे. वेत ओढून ओढून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन घेईना. फोनवर चेहरा दाखवावा तर तो म्हणतो, डोळ्यांची उघडझाप करा. आबा म्हणाले, "मी जितो आसंय ता सरकाराक दाखवूक माका डोळो मारूक व्हयो!" शेवटी बँकेत जाऊन कागदावर सही-शिक्का घेतला. येताना रिक्षाभर तेच वाक्य.

संध्याकाळी काकीला मोबाइलवर बॅनर दाखवला. दाखवू की नको, असं झालं होतं. तिने फोन लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो कोण गो? ह्येका खंयतरी बघितल्यासारख्या वाटता."

"आबा."

"खंय आबा? आबा असो बघी काय?" मग जरा थांबून, "पण बरो दिसता मेलो." आणि हसायलाच लागली. बॅनर बदलून घेऊ का विचारलं तर म्हणाली, राहू दे, पोरांनी पैसे घातलेत.

मग मीही सोडून दिलं. म्हणजे सोडलंय असं नाही, पण मंडळाशी भांडायला जाणार नाही. स्टँडवर आबांसमोर कशी उभी राहायची ते बघू. उद्या तिच्या दाखल्यासाठी बँकेत जायचंय, आधार कार्ड आत्ताच पिशवीत टाकलं.

रात्री तिला पेडवे हवे होते. चष्मा लावून, ताट दिव्याखाली धरून काटे काढले. पहिल्याच घासाला काकी म्हणाली, "काटो रवलो."